आधी वेळापत्रक, मग रूळ

मा. संपादक, स.न.वि.वि.

बंद पडलेल्या मार्गांवर पुन्हा प्रवासी गाड्या सुरू कराव्यात, या मागणीला ठिकठिकाणी जोर येतो आहे, याचा मनापासून आनंद आहे. मात्र बहुतेक निवेदने ‘मार्ग दुरुस्त करा आणि गाडी सोडा’ इथेच संपतात. रोज कामाला जाणाऱ्या माणसाला ठरलेल्या वेळी येणारी आणि ठरलेल्या वेळी पोहोचवणारी गाडी हवी असते. त्यामुळे मागणीतली पहिली ओळ वेळापत्रकाची असली पाहिजे. किती रेक (डब्यांचे पूर्ण संच), किती लूप (समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी बाजूला टाकलेला दुसरा रूळ), कुठे फलाट, हे सगळे त्यावरूनच ठरते.

हिशेब करून पाहू. 45 किलोमीटरचा एकेरी मार्ग, म्हणजे दोन्ही दिशांच्या गाड्यांना एकच रूळ, आणि दर अर्ध्या तासाला गाडी, असे धरू. एका बाजूचा प्रवास 60 मिनिटांचा आणि दोन्ही टोकांना 10-10 मिनिटांचा थांबा असेल, तर एक फेरी 140 मिनिटांची होते. अर्ध्या तासाची सेवा टिकवायला मग 5 रेक धावते लागतात, शिवाय देखभालीसाठी किमान एक राखीव. हाच प्रवास 50 मिनिटांत झाला, तर फेरी बरोबर 120 मिनिटांची होते आणि 4 रेकमध्ये भागते. दहा मिनिटे वाचली की एक अख्खा रेक वाचतो, त्याचे चालक आणि त्याची देखभालही वाचते.

ही दहा मिनिटे शोधायची कुठे? जुन्या पुलांवरच्या आणि खचलेल्या भरावांवरच्या वेगमर्यादांत. तीन किलोमीटरचा तुकडा ताशी 20 च्या वेगाने काढला तर 9 मिनिटे जातात, ताशी 80 ने सव्वादोन. त्यात वेग कमी करून पुन्हा पकडण्याचा वेळ वेगळाच. नव्या चकचकीत गाडीचा कमाल वेग जाहीर करण्यापेक्षा असे दोन-तीन तुकडे आधी दुरुस्त करणे कितीतरी फायद्याचे.

आता लूप. अर्ध्या तासाच्या सेवेत समोरासमोरच्या गाड्या दर 15 मिनिटांनी भेटतात. वरच्या उदाहरणात 50 मिनिटांच्या प्रवासात गाडी सुटल्यापासून 10, 25 आणि 40 मिनिटांनी क्रॉसिंग, म्हणजे समोरच्या गाडीला ओलांडण्याची वेळ, येते. दुसरा रूळ नेमका तिथेच हवा. जुन्या स्थानकात जागा मोकळी आहे म्हणून भलत्याच ठिकाणी लूप टाकला, तर एक गाडी रोज उगाच ताटकळते. लूप आखूड असेल तर अडचण वाढते, कारण एका गाडीचा पाच मिनिटांचा उशीर समोरून येणाऱ्या गाडीला लागतो, तिचा पुढच्या गाडीला, आणि संध्याकाळपर्यंत वेळापत्रक विस्कटते. दुहेरी रूळ चार-पाच किलोमीटर लांब असेल, तर गाड्या न थांबता एकमेकींना ओलांडतात आणि थोडाफार उशीर तिथेच जिरतो.

खर्चात कपात करताना पहिला घाव नेमका यावरच पडतो. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा ते ट्वीडबँक हा मार्ग 1969 मध्ये बंद झाला आणि सप्टेंबर 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला. सुमारे 30 मैलांच्या या मार्गावर दुहेरी रूळ फक्त साडेनऊ मैल ठेवले गेले आणि काही पूल एकाच रुळापुरते बांधले. ट्वीडबँककडच्या टोकाच्या स्थानकांवर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त प्रवासी आले, गर्दीच्या तक्रारी झाल्या. पण एकेरी रुळावर गाड्या वाढवायच्या कशा? नवा पूल बांधताना पायाची आणि कमानीची रुंदी दोन रुळांची ठेवावी, दुसरा रूळ नंतर टाकता येतो.

जर्मनीतला ब्योब्लिंगेन ते डेटनहाउझेन हा 17 किलोमीटरचा मार्ग डिसेंबर 1996 मध्ये अर्ध्या तासाच्या सेवेने पुन्हा उघडला. दिवसाला अडीच हजार प्रवासी धरले होते, आले त्याहून बरेच जास्त. पुढे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि काही भाग दुहेरी करावा लागला. ‘सकाळी एक, संध्याकाळी एक’ अशा चाचणी-सेवेवरून मागणी मोजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे. परतीची एकच गाडी असेल आणि ती चुकण्याची भीती असेल, तर माणूस सकाळीही गाडीने जात नाही.

रूळ अजून जागेवर आहेत की उखडले गेले, यावर कामाचे स्वरूप अवलंबून असते. इंग्लंडमधला ओकहॅम्प्टनचा मार्ग खडीच्या खाणीमुळे शिल्लक राहिला होता. तरीही नोव्हेंबर 2021 मध्ये नियमित सेवा सुरू करण्यासाठी 11 मैल नवे रूळ, रुळांखालचे 24,000 काँक्रीट स्लीपर आणि 29,000 टन खडी घालावी लागली. एडिंबऱ्याच्या मार्गावर तर शहराचा वळणरस्ता मधून गेला होता, त्याखाली नवा पूल बांधावा लागला. म्हणून सेवा सुरू व्हायला दहा वर्षे लागणार असली, तरी मार्गाच्या जमिनीवर बांधकाम होऊ न देण्याचा ठराव आजच करून घ्यावा. पाहणीत मोऱ्या आणि बाजूची गटारे आधी तपासावीत. पाणी तुंबून भराव मऊ झाला असेल, तर वर टाकलेली नवी खडी पहिल्याच पावसाळ्यात खाली जाते.

आजवर फक्त मालगाड्या धावलेल्या मार्गावर फाटकांचा धोका हमखास दुर्लक्षित राहतो. ताशी 30 च्या मालगाडीसाठी 30 सेकंद आधी इशारा द्यायला गाडी टिपणारी यंत्रणा फाटकाच्या 250 मीटर अलीकडे पुरते. ताशी 90 च्या प्रवासी गाडीला तेच अंतर 10 सेकंदांत संपते. तिला 750 मीटर हवेत. वेग वाढवण्याआधी प्रत्येक फाटकाची यंत्रणा हलवावीच लागेल.

सगळ्यात अवघड प्रश्न शहराकडच्या शेवटच्या काही किलोमीटरचा. शाखामार्ग जिथे मुख्य मार्गाला मिळतो, तिथून पुढे सकाळच्या गर्दीत गाडीला जागा मिळते का? ती मिळाली नाही तर गाडी जंक्शनवरच संपते, प्रवाशाला गाडी बदलावी लागते आणि बरेच जण पुन्हा रस्त्याकडे वळतात. ही जागा मिळेल असे लेखी घेतल्याशिवाय रुळांच्या कामाची निविदा काढू नये.

तिकिटांतून सेवेचा पूर्ण खर्च सहसा निघत नाही. त्यामुळे बांधकामाच्या निधीबरोबरच किमान दहा वर्षांच्या चालवण्याच्या खर्चाचा करार हवा. चालकांची भरतीही रूळ तयार होण्याची वाट न पाहता करावी, कारण प्रशिक्षण आणि मार्गाची ओळख यांत वर्षाहून अधिक काळ सहज जातो. नागरिक समित्यांनी पुढच्या बैठकीत वेळापत्रकाचा आलेख (कोणती गाडी कधी कुठे असेल हे रेषांनी दाखवणारा), पुलांचा तपासणी अहवाल आणि चालवण्याच्या खर्चाचा हा करार, हे तीन कागद मागावेत. आलेखात क्रॉसिंगची ठिकाणे दाखवलेली नसतील, तर तो परत करून सुधारून मागवावा.

– रेल्वे वाहतूक नियोजनाचा एक अभ्यासक