बेण्याचा वाटा गावालाही मिळावा

महोदय,

आमच्या घरात राजापुरी हळदीचं बेणं, म्हणजे पुढच्या लागवडीसाठी राखलेले गड्डे, सासूबाईंच्या आधीपासून चालत आलंय. काढणी झाली की त्या स्वतः जेठे, म्हणजे मधले मुख्य, गड्डे निवडायला बसायच्या. कंदमाशीनं पोखरलेला, कुजीचा वास येणारा गड्डा बाजूला टाकायच्या आणि उरलेले सावलीत, हळदीच्याच पाल्याखाली झाकून ठेवायच्या. आता ते काम माझ्याकडे आहे.

सहा वर्षांपूर्वी संशोधन करणारी दोन मुलं आली. पाच गड्डे आणि थोडी कोवळी पानं बर्फाच्या डब्यात घालून घेऊन गेली. आम्ही पैसे मागितले नाहीत, चहा पाजून पाठवलं. पुढे त्यांतल्या मुलीनं आठवणीनं, ही माहिती इंटरनेटवरच्या सगळ्यांना खुल्या साठ्यात चढवल्याचं आणि त्या नोंदीचा क्रमांक कळवला. लेकीनं संगणकावर ती नोंद उघडून दाखवली. आमच्या हळदीच्या डीएनएची अक्षरं ओळीनं मांडलेली होती आणि ठिकाणापुढे फक्त 'भारत' लिहिलेलं होतं. सांगली नाही, गाव नाही.

परदेशी कंपनीला इथून गड्डा न्यायचा तर 2002 च्या जैवविविधता कायद्यानं परवानगी लागते. ही अक्षरं मात्र कुणीही, कुठेही बसून उतरवून घेऊ शकतो. हळदीतली जनुकं जीवाणूत घालून कुरकुमीन हे हळदीचं पिवळं द्रव्य तयार करण्याचे प्रयोग झालेही आहेत. त्याला शेत लागत नाही आणि शेतकरीही लागत नाही. हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेत 1995 मध्ये दिलेलं पेटंट आपण 1997 मध्ये रद्द करून घेतलं, कारण जुन्या ग्रंथांत पुरावा होता. आमच्या बेण्याचा पुरावा कुठे आहे?

अक्षरं कुलूपबंद करा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. कंदकुजीवर उद्या उपाय निघाला तर तो अशाच माहितीतून निघेल. पण ज्याला नफा झाला त्यानं वाटा द्यावा. त्यासाठी 2024 मध्ये कोलंबियातल्या काली शहरात जागतिक निधी ठरला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो सुरू झाला. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा 1 टक्का किंवा महसुलाचा 0.1 टक्का द्यावा आणि निदान निम्मा पैसा आदिवासी व स्थानिक समाजांपर्यंत जावा, अशी अपेक्षा आहे. मात्र पैसे देणं ऐच्छिक आहे. माझ्या मते ते बंधनकारक हवं आणि भारतानं तसा आग्रह धरावा.

आणि उद्या पैसा आलाच, तर तो गावात कुणाच्या नावानं येणार? आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत वड, पिंपळ, कडुनिंब आहेत, पण हळदीची एक ओळही नाही. बेणं कोणी राखलं, किती पिढ्या राखलं, हे त्यात यायला हवं. नमुना नेणाऱ्यानं गावच्या जैवविविधता समितीकडे सही करून जावं आणि माहिती चढवताना गाव-तालुका लिहावा. येत्या ग्रामसभेत मी तसा लेखी अर्ज देणार आहे. मिरज, वाळवा, तासगावच्या हळदकऱ्यांनीही आपापली नोंदवही एकदा मागून बघावी.

— एक हळद उत्पादक शेतकरी महिला, ता. मिरज, जि. सांगली