तिसरी मराठा कुठे गेली? माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय माजी सैनिक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

गेल्या १६ डिसेंबरला पुण्यातल्या एका शाळेनं माझ्या मामांना विजय दिवसाच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. मामांनी छत्रीधारी सैनिकांची मरून टोपी इस्त्रीच्या पाण्यानं ओली करून नीट बसवली, मेडल्स पुसली. सूत्रसंचालकांनी 'मराठा बटालियनचे वीर' अशी ओळख करून दिली. मामा उठले आणि म्हणाले, "मी दोन पॅराचा." मग जरा थांबून, "म्हणजे मराठाच." सभागृहाला काही उमगलं नाही. सातवीतल्या एका पोरानं हात वर केला, "आजोबा, तुम्ही काच खाल्लीत?"

मोबाइलवर मरून टोपीवाल्यांचे काच चावतानाचे व्हिडिओ फिरतात, ते त्यानं पाहिले असणार. मामा हसले. "काच नाही रे बाळा, तळ्यातलं पाणी प्यायलो. छत्री तळ्यात उतरली ना माझी."

टाळ्या झाल्या, नारळ-शाल झाली, घरी आलो. येताना रिक्षात मामा म्हणाले, "तिसरी मराठा कुठे गेली, हे आता कुणाला सांगायचं?" त्या वाक्यामुळे हे पत्र.

साहेब, तिसरी मराठा, म्हणजे मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन, कुठेच गेली नाही. तिची दोन पॅरा झाली, म्हणजे विमानातून छत्रीनं उतरणाऱ्या पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन. १७९७ साली मुंबईच्या फौजेत उभी राहिलेली ही पलटण पहिल्या महायुद्धात ११०वी मराठा होती आणि सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर आजच्या इराकमधल्या कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. त्या वेढ्याचा शेवट २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीत झाला. पुढे १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन बनली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर जवळून मशिनगन सुरू झाली, हाताखालची सगळी माणसं पडली किंवा जखमी झाली. घाडगे एकटे धावले. ग्रेनेडनं मशिनगन बंद पाडली, टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीनंच ठोकलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर, वय बावीस. माणगावात त्यांचं स्मारक आहे. पण त्यांची पलटण पुढे छत्र्या बांधून विमानातून उड्या मारू लागली, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.

१९४८ मध्ये ब्रिगेडियर उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमध्ये जम्मूतलं झांगड परत घेतलं तेव्हा हीच पलटण होती. १५ एप्रिल १९५२ ला पॅराशूट रेजिमेंट नव्यानं बांधली गेली, तिच्यात पंजाब, मराठा आणि कुमाऊँ अशा तीन जुन्या पलटणी घेतल्या. मधली आपली.

या रेजिमेंटची रीत वेगळी आहे. इथं जबरदस्तीनं कुणी येत नाही, स्वतःहून नाव द्यावं लागतं. चाचणीत टिकला नाहीस तर आपल्या मूळ पलटणीत परत. टिकलास तर आग्र्याला पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, मग छातीवर पंखांचा बिल्ला. मामा सांगतात, उडीचं ते पॅकेट नावाचं मालवाहू विमान आतून पत्र्याच्या डब्यासारखं खडखडायचं, इतकं की दार उघडल्यावर बरंच वाटायचं. तारेला हूक अडकवायचा, लाल दिवा, हिरवा दिवा, आणि पुढच्याच्या पाठीमागे चालत राहायचं. "उडी मारायची नसते," ते म्हणतात, "चालता चालता जमीन संपते."

११ डिसेंबर १९७१ ला दुपार कलताना, बांगलादेशच्या युद्धात, तिथल्या टांगाईलला जमीन अशीच संपली. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांची दोन पॅरा पुंगली पुलावर गेली. मैमनसिंग आणि जमालपूरकडून पाकिस्तानची ९३ ब्रिगेड ढाक्याकडे सरकत होती, तिची वाट तोडायची होती. जवान तळ्यांत पडले, सामान शेतांत विखुरलं, गावकऱ्यांनी डोक्यावरून वाहून आणून दिलं. पूल हाती आला. आणि जमिनीवरून लढत येऊन त्यांना जी पलटण मिळाली, ती पहिली मराठा, टोपणनाव 'जंगी पलटण'. मामांच्या शब्दांत, "अंधारात मराठीत शिव्या ऐकू आल्या तेव्हा जिवात जीव आला." १६ तारखेला सकाळी ढाक्यात पहिली शिरली तीही दोन पॅराच.

ही परंपरा थांबलेली नाही. १९९६ मध्ये २१ मराठाची २१ पॅरा झाली, टोपणनाव 'वाघनख'. २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरगती मिळालेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक त्याच पलटणीचे अधिकारी. आणि आमच्या खडकीचं काय, तर तिथल्या बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे लष्करातल्या अभियंत्यांचीही पॅरा कंपनी आहे, क्रमांक ४११. तिचे पूर्वज १९४४ मध्ये मणिपुरात सांगशकला पॅरा ब्रिगेडबरोबर जपान्यांशी लढले. जुन्या हायवेनं रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? मलाही चाळिशीनंतर कळलं, तेही मामांमुळे.

नवा पुतळा मागत नाही. घोरपडीचं युद्ध स्मारक पुणेकरांनी वर्गणी काढून उभारलं, १९९८ पासून आहे, दगडांची कमतरता नाही. मागणं साधं आहे. टांगाईलला उतरलेला विशीतला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे इथल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे या माणसांचे पत्ते आहेत, ओळखपत्रं तिथूनच निघतात. आपल्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्य कार्यालयही पुण्यातच आहे. इतिहासाचे आणि मराठीचे दहा-बारा विद्यार्थी निवडा, बरा माइक द्या, आणि येत्या ११ डिसेंबरच्या आत या सगळ्यांचं बोलणं मराठीत, त्यांच्याच बोलीत, ध्वनिमुद्रित करून घ्या. हिंदीत नको. हिंदीत ते 'साहब'समोर उभे असल्यासारखे बोलतात, पुंगली पुलाचं चार ओळीत उरकतात. मराठीत तळं येतं, शिव्या येतात, ओले बूट येतात.

मामांबरोबर उतरलेले, आमच्या गावाजवळचे तिघे होते. दोघे गेल्या तीन वर्षांत गेले. तिसऱ्यांना आता नावं आठवत नाहीत.

आमचं घर वानवडीत आहे. मामा दुपारी झोपतात, चारनंतर मोकळे असतात. मुलांना पाठवलंत तर त्यांच्या डाव्या बाजूला बसायला सांगा, उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही.

आपली,
दोन पॅराच्या एका शिपायाची भाची
वानवडी, पुणे