पीयूसीच्या कागदावरचा रिकामा रकाना

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पीयूसी तपासणीत लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) आणि ओबीडी (गाडीतली स्वतःचा बिघाड ओळखणारी यंत्रणा) यांची नोंद सक्तीची करण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी चाळीसगावचा. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांच्या इंजेक्टरचं काम करतो. गिऱ्हाईक येतं ते दोनच तक्रारी घेऊन : गाडी ओढत नाही, नाहीतर ॲव्हरेज देत नाही. सायलेन्सरमधून घाण जाते म्हणून आपणहून गाडी लावणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्याबद्दल मी कुणाला नावंही ठेवत नाही. ओढ पायाखाली कळते, ॲव्हरेज खिशाला कळतं. मागून काय जातं ते मागच्याच्या छातीला कळतं. त्या मागच्याची बाजू बघायला सरकारने पीयूसी ठेवली आहे. ती बाजू आज कोणी बघत नाही, म्हणून हे पत्र.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमकं जुळलं की त्याला लॅम्डा १ म्हणतात. सायलेन्सरच्या पाइपात जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आम्ही त्याला नुसतं कॅट म्हणतो, तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिघांना एकदम आवरतो, पण लॅम्डा १ च्या अगदी जवळ असतानाच. अडचण अशी, की इंजिनाची सगळ्यात जास्त ताकद तिथे नसते. ती असते १२.५ ते १३ च्या आसपास, पेट्रोल थोडं सढळ सोडल्यावर. ॲव्हरेज चांगलं निघतं १५-१६ ला, हात आखडल्यावर. रिच केली, म्हणजे पेट्रोल जास्त सोडलं, की मोनॉक्साइड वाढतो. थोडी लीन केली, म्हणजे पेट्रोल कमी केलं, की आत ऑक्सिजन शिल्लक राहतो, उष्णता भरपूर असतेच, आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. म्हणजे ताकद, ॲव्हरेज आणि हवा या तिघांचं कधीच एकमत होत नाही. कुणाला किती द्यायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवते.

आणि ती बसल्या जागी ठरवत नाही. ३००० आरपीएमला एका सिलिंडरचा इंजेक्टर मिनिटाला दीड हजार वेळा उघडतो, दर वेळी काही मिलिसेकंद. किती वेळ उघडा ठेवायचा ते ईसीयू आत येणाऱ्या हवेवरून ठरवते, आणि त्यात कमी-जास्त काय करायचं हे ओटू सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर, सांगतो. पुष्कळ गाड्यांत स्कॅनर लावला की हा सेन्सर ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा खाली-वर होताना दिसतो. असा हलता आकडा दिसला की मिस्त्री निश्चिंत होतो, अडकलेला दिसला की काहीतरी बिनसलंय. ॲक्सिलेटर पुरता दाबला की मात्र बऱ्याच गाड्यांची ईसीयू सेन्सरचं ऐकणं थांबवते आणि जादा पेट्रोल देते. थोडं ताकदीसाठी, थोडं कॅट फार तापू नये म्हणून. ते कंपनीनेच तसं बसवलेलं असतं आणि तेवढ्यापुरतं असतं. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार आहे ती नंतर केलेल्या कामांबद्दल. आमच्याकडून संभाजीनगरला जायचं तर कन्नड घाट चढावा लागतो. मे महिन्यातली दुपार, बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश, गाडीत माणसं भरलेली, एसी चालू, आणि गाडी सीएनजीवर. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, गॅस शिरला की तेवढी हवा कमी शिरते, त्यामुळे सीएनजीवर ताकद साधारण दहा टक्क्यांनी पडते. तापलेली हवा आधीच विरळ. "भाऊ, घाटात पेट्रोलवर टाकावी लागते, मग सीएनजी काय कामाची? काहीतरी करा ना." बोलणाऱ्याचं चुकत नाही. त्याचं पोट त्या गाडीवर आहे.

मग काहीतरी केलं जातं. जुन्या मिक्सर किटला गॅसच्या पाइपात एक स्क्रू असतो, तो फिरवला की गॅस कमी-जास्त. सिक्वेन्शियल, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या नव्या किटचा मॅप, म्हणजे कधी किती गॅस सोडायचा याचा तक्ता, लॅपटॉपवरून उचलतात. कॅटच्या मागच्या ओटू सेन्सरला स्पेसर, म्हणजे त्याला धुरापासून लांब ठेवणारा तुकडा, लावतात, म्हणजे कॅट मेला तरी डॅशबोर्डवरचा चेक लाइट पेटत नाही. आणि सगळ्यात वाईट, गाडी मोकळी व्हावी म्हणून कॅटच्या आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी फोडून काढतात. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळे भंगारवालाही रोख पैसे मोजतो. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री खूश.

आता ही गाडी पीयूसीला जाते. सीएनजीवर मोनॉक्साइड मुळातच कमी निघतो. तपासणी होते गाडी जागेवर उभी असताना, आयडलला, जिथे इंजिनावर ओझंच नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड पीयूसीत मोजतच नाहीत. गाडी पास. काही ठिकाणी तर सायलेन्सरमध्ये नळीही जात नाही, नंबर प्लेटचा फोटो निघतो आणि कागद हातात येतो. शेजारी कार्बोरेटरची जुनी मोटारसायकल घेऊन आलेला शेतकरी, ज्याने आयुष्यात कशाला हात लावलेला नाही, तो मोनॉक्साइडवर अडकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

महोदय, नवा नियम करायच्या आधी जुना पाळून घ्या. चारचाकी पेट्रोल गाडीच्या पीयूसी प्रमाणपत्रावर हाय आयडलचे, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन जोरात फिरवून करायच्या तपासणीचे, रकाने छापलेलेच आहेत : २५०० आरपीएम, २०० इकडे-तिकडे, आणि लॅम्डा १, ०.०३ इकडे-तिकडे. म्हणजे नियम करणाऱ्याला सगळं माहीत होतं. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचे कागद मी बघतो. लॅम्डाचा रकाना कितीतरी कागदांवर कोरा असतो. इंजिन रिच चाललंय की लीन हे सांगणारा तोच एक आकडा, आणि तोच भरत नाहीत. तो कोरा असेल तर प्रमाणपत्र निघूच नये, एवढा बदल संगणकात करून घ्या.

दुसरं मागणं ओबीडीचं. बीएस-६ कारमध्ये डॅशबोर्डखाली सॉकेट असतं. त्यात प्लग लावला की चेक लाइट चालू आहे का, बिघाडाचा कोणता कोड आहे, फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली कमी-जास्त) किती उचललाय, हे काही मिनिटांत दिसतं. कोड पुसून थेट पीयूसीला येणारेही असतात, पण गाडीच्या अंतर्गत चाचण्या पूर्ण झाल्यात की नाही हेही त्याच प्लगवर कळतं. पुसलेल्या कोडची गाडी तिथेच पकडली जाते. कॅलिफोर्नियात २००० सालापासूनच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी मुख्यतः असा प्लग लावूनच होते. स्पेसरवाल्यांचं सगळं यातून सापडेल असं मी म्हणत नाही. निम्मं सापडलं तरी पुष्कळ. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११५ दिल्लीचा आहे हे मला ठाऊक आहे. पण केंद्रांना परवाना आणि त्यांची झडती तुमच्या खात्याकडे आहे, आणि दिल्लीला प्रस्ताव पाठवायला कोणी अडवलेलं नाही.

सुरुवात जळगावपासून करा असं मी सुचवीन. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत महाराष्ट्रातली जी शहरं आहेत त्यांत जळगाव आहे. नायट्रोजनचे ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि ऊन ही एक गोष्ट खानदेशात कधी कमी पडलेली नाही.

जाता जाता ई-२० बद्दल. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की १४.७ चं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. इंजेक्शनची गाडी ट्रिम वाढवून जमवून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही. ती गाडी आपोआप लीन होते आणि मालक म्हणतो मिस्त्रीने बिघडवली.

शेवटी नापास झालेल्या गाडीचं काय, हा प्रश्न राहतो. ती पुन्हा त्याच स्क्रू फिरवणाऱ्याकडेच येणार, कारण तालुक्याच्या गावात दुसरा कोण आहे? आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन आलेली पोरं माझ्याकडे लागतात, हाताला चांगली असतात, पण स्कॅनरवरचा ट्रिम वाचायला इथे येऊनच शिकतात. कौशल्य विकास खात्याशी बोलून चाळीसगाव, भुसावळ, शिरपूर, शहादा अशा गावांतल्या चालू मिस्त्रींसाठी संध्याकाळचे वर्ग ठेवा. दिवसा गॅरेज बंद ठेवून कोणी यायचा नाही. आणि कंपन्यांच्या दुरुस्तीच्या माहितीचं कुलूप वाजवी फी घेऊन आम्हालाही उघडून मिळावं, यासाठी तुमच्या खात्याने दिल्लीत शब्द टाकावा.

कळावे.

आपला,
एक गॅरेजवाला,
चाळीसगाव, जि. जळगाव