वाघनखाऐवजी

वाळपई, सत्तरी, गोवा

प्रिय बाय,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, बारशाला ते वाघनख घेऊन ये," आणि मी विषय बदलला. तुझ्या लक्षात आलंच असेल. फोनवर मला धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते. वाघनख आता घरात नाही. मी ते वनखात्याच्या ऑफिसात देऊन आले, त्यालाही काही वर्षं झाली.

रागावू नकोस, आधी वाच.

तुला ते किती आठवतं कोण जाणे. करंगळीच्या दोन पेरांएवढं, पिवळट, अंगावर बारीक रेघा. वरच्या पोकळीत लाख भरलेली, तिच्यावर सोन्याचं टोपण, टोपणाच्या काठाला रव्यांची ओळ. टोक बोथट झालं होतं, ते आधी माझ्या आणि मग तुझ्या हिरड्यांनी. दात येत होते तेव्हा तू दिवसभर चघळायचीस. दुधाचा वास लागला होता त्याला.

माझ्या आजीने ते तुझ्या गळ्यात बांधलं. मूल झोपेत दचकू नये, दृष्ट लागू नये, म्हणून वाघनख, हे तर सगळेच सांगतात. पण गाठ मारताना ती तुझ्या कानाशी पुटपुटली, "भिऊ नको गो, तो आपलाच." कुळागरात, सुपारीच्या बागेत, पाणी लावायला ती पहाटे एकटी जायची. रात्री तिने वाघाचं नाव कधी घेतलं नाही, 'तो' एवढंच म्हणायची. आणि गावाच्या वेशीवरच्या वाघरोच्या, म्हणजे वाघदेवाच्या, दगडापुढे वर्षाचा नारळ तिने कधी चुकवला नाही. लहानपणी मी तिला विचारलं होतं, तो देव आहे तर त्याचं नख आपण गळ्यात कसं घालतो? ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी नाही काढलं, मला मिळालं." ते उत्तर मला तेव्हाही पुरलं नव्हतं.

मग 2020 चा जानेवारी आला. म्हादई अभयारण्यात, आपल्या सत्तरीतल्याच गोळावलीत, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विष घालून मारलेले. वाघाने गुरं मारली होती, त्याचा राग. ज्याची म्हैस जाते त्याच्या पोटातली आग मला कळते, गोठा आपल्याकडेही होता. तरीही त्या बातमीनंतर मी कपाट उघडलं, डबीतलं नख तळहातावर घेतलं, आणि पहिल्यांदाच ते मला दागिना वाटलं नाही. वाघाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार नखं असतात. एका वाघाची अठरा. म्हणजे अठरा बाळांच्या गळ्यांत एक वाघ. बाजारात वाघनखं म्हणून मिळतात त्यातली पुष्कळशी गुरांच्या शिंगाची असतात, पण शिंगाचं घेणाऱ्यालाही हवा असतो तो खराच वाघ.

कायदाही तुला माहीत असावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असं नख दाखल्याशिवाय घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. जुन्या वस्तू जाहीर करायला 2003 मध्ये मुदत दिली होती. आपल्या घरात तेव्हा कुणालाच त्याची खबर नव्हती. ऑफिसात जाताना माझे पाय कापत होते, हे खरं. पण गेले.

त्याआधी आपल्या सोनाराकडे, शेटांकडे, जाऊन नखावरचं टोपण काढून घेतलं. त्यांनी दिव्यावर जरा धरलं, लाख पाघळली आणि नख अलगद सुटून बाहेर आलं. इतकी वर्षं घट्ट बसलेलं, दोन मिनिटांत सुटलं. मला रडू आलं, आजीचा हात सुटल्यासारखं झालं.

ते सोनं मी तसंच ठेवलं होतं. तुझं बाळ येणार कळलं तेव्हा शेटांना म्हटलं, याचा वाघ करा. पहिला केला तो सुळे दाखवणारा, जबडा वासलेला. मला नको होता. मग त्यांना वाघरोच्या दगडापाशी घेऊन गेले. दगड किती झिजलाय तुला ठाऊक आहे, कान आणि पाठ तेवढी ओळखू येते, बसलेला आहे, कुणावर धावून जात नाही. तसाच झाला आता. तुरीच्या दाण्याहून थोडा मोठा.

बाय, आजीला ते नख धीरासाठी हवं होतं आणि तो धीर खोटा नव्हता. तिच्या रानात वाघ होता आणि तिला तिथूनच चालत जायचं होतं. तुझा मुलगा पुण्यात वाढेल, वाघ बघेल तो चित्रात. पण त्याच्या अंगावरच्या या एवढ्याशा सोन्याकडे बघून कधी त्याने विचारलं, हा कुठला, तर "आपल्या रानातला" असं तुला म्हणता यावं, आणि तेव्हा तो तिथे असावा. माझी एवढीच इच्छा आहे.

गळ्यात मात्र घालू नकोस, दोरा आवळायची भीती. बारशाला करदोट्यात ओव आणि रात्री काढून ठेव, नाहीतर तुझ्यासारखंच तोंडात घालेल आणि हे गिळण्याएवढं लहान आहे. मोठा झाला की मग गळ्यात.

पार्सलने पाठवत नाही. मीच घेऊन येते.

तुझी,
आई