वॉरंटी कंपनीची असेल, पण पैसे दुकानदाराने घेतलेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फ्रीज, वॉशिंग मशीन, गिझर, मिक्सर काहीही बिघडू दे, दुकानात गेलं की एकच उत्तर मिळतं, "ताई आमचं काम विकायचं, सर्व्हिस कंपनीची, ह्या नंबरवर फोन लावा." आणि आपण नंबर घेऊन मुकाट्याने घरी येतो. हे उत्तर कायद्यात बसत नाही एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय. पत्र लांबलंय हे मान्य, कापायचं झालं तर माझी हकिकत कापा, पण कायद्याचा भाग ठेवा ही विनंती.

आम्ही पाडव्याला गावातल्या एका मोठ्या दुकानातून फ्रीज घेतला, पक्कं बिल घेऊन, पैसे कार्डाने भरून. पावसाळा संपायच्या आतच कूलिंग गेलं. आमच्याकडे सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, ते 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, त्यामुळे भाजी खराब झाली आणि विषय संपला असं आमच्यासाठी नव्हतं. कस्टमर केअरला फोन केला, टेक्निशियन आला, गॅस लीक आहे म्हणाला, गॅस भरून गेला. थोडे दिवस ठीक चाललं की परत तेच, परत गॅस, परत लीक. पुढच्या वेळी दुसराच मुलगा आला आणि त्याने मागच्या बाजूला टॉर्च मारून सांगितलं की व्होल्टेजचा प्रॉब्लेम दिसतोय, तुम्ही स्टॅबिलायझर लावला नाही, हे वॉरंटीत बसणार नाही. अहो, गॅसच्या पाइपला भोक पडायला व्होल्टेज कसं कारण होईल? पण तो बिचारा पगारी माणूस, त्याला वरून जे सांगितलंय तेच तो बोलणार. शेजारी एकांच्या वॉशिंग मशीनचं पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट बोर्ड, गेलं तर त्यांना सांगितलं की उंदराने वायर कुरतडलीय, आणि त्यांच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात आजवर कोणी उंदीर पाहिलेला नाही.

दुकानदाराकडे गेलो तर तो बोलायला एकदम गोड, चहा मागवला, पण फ्रीज परत घ्यायचा विषय काढला की हात वर. "बिल आमचं आहे, पण माल आम्ही बनवला का?"

ह्याचं उत्तर कायद्यात आहे आणि ते आजचं नाही. वस्तू विक्री कायदा 1930 सालचा आहे, त्यात कलम 16 खाली धंदा म्हणून माल विकणाऱ्यावर ही जबाबदारी येते की माल विकण्यायोग्य दर्जाचा आणि ज्या कामासाठी घेतला त्या कामाला लायक असला पाहिजे. थंड न करणारा फ्रीज कुठल्या कामाला लायक आहे? त्यानंतर 1986 चा ग्राहक कायदा आला आणि त्याच्या जागी आता ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहे, तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यातल्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणजे काय काय ते दिलंय आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे परत द्यायला नकार देणं ही अशीच एक प्रथा आहे, बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत. बिल न देणं हेसुद्धा त्याच यादीत आहे. म्हणजे बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलंय म्हणून आपण गप्प बसायचं काहीच कारण नाही. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूंसाठी 2020 चे ई-कॉमर्स नियम वेगळे आहेत, तिथेही वस्तू सदोष निघाली तर विक्रेता परत घ्यायला नाही म्हणू शकत नाही आणि तक्रार केल्यावर तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते.

मग कंपनीची जबाबदारी नाही का? आहेच की! ग्राहक आयोगाच्या, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाच्या, कितीतरी निकालांत दोघांना मिळून जबाबदार धरलंय, आणि दोष निव्वळ कारखान्यातलाच असला तर कधी कधी सगळा बोजा कंपनीवरच जातो, पण ते दोघांत कोणी किती द्यायचं हे आयोग ठरवेल, आपण तक्रारीत दुकान आणि कंपनी दोघांचीही नावं घालायची. एकालाच पकडलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुरावा. इथे आपली माणसं मार खातात, कारण सगळा व्यवहार तोंडी चालतो. दुकानात तोंडी, फोनवर तोंडी, आणि शेवटी हातात काही नाही. टेक्निशियन आला की जॉब शीट, म्हणजे केलेल्या कामाचा कागद, मागायची आणि त्यात त्याने फॉल्ट काय लिहिला ते वाचून मगच सही करायची, "चेक केलं, ओके" एवढंच लिहिलं असेल तर सही करायची नाही किंवा सहीशेजारी आपल्या हाताने लिहायचं की कूलिंग होत नाही. एकाच वर्षात एकच फॉल्ट परत परत लिहिलेल्या जॉब शीट हा फार मोठा पुरावा आहे, दुरुस्तीने न जाणारा दोष आहे हे त्यावरून दिसतं. आयोगाला गरज वाटली तर वस्तू लॅबमध्ये तपासायला पाठवता येते, पण कंपनीच्याच माणसाने कंपनीच्याच कागदावर गॅस लीकेज असं लिहून दिलं असेल तर आपली बाजू तिथेच अर्धी भक्कम होते.

आणि तो ओटीपी! हा प्रकार बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून सविस्तर सांगते. टेक्निशियन जाताना म्हणतो, मोबाइलवर एक कोड आलाय तो सांगा, माझी हजेरी लागते. काही कंपन्या त्याला हॅपी कोड म्हणतात. तो हजेरीचा कोड नसतो, तक्रार मिटली असं नोंदवायचा कोड असतो. आपण तो दिला की कंपनीच्या कॉम्प्युटरवर तक्रार बंद होते, आपल्याला मेसेज येतो की आपल्या समस्येचं निराकरण झालं आहे, आणि नंतर भांडायला गेलं की कंपनी तोच रेकॉर्ड काढून दाखवते. पार्ट मागवलाय, उद्या आणतो असं सांगूनही कोड मागतात. काम पूर्ण होऊन मशीन नीट चालतंय हे स्वतः बघितल्याशिवाय कोड देऊ नका, कितीही घाई करू दे.

बिलाचा फोटो लगेच काढून ठेवा कारण ते थर्मल कागदावरचे आकडे काही महिन्यांत उडतात. आणि "बिल नको असेल तर 18 टक्के वाचतील" ह्या आमिषाला बळी पडू नका, कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला की पुढे आपण तो त्याच दुकानातून घेतला हेच सिद्ध करत बसावं लागतं.

आमच्या बाबतीत काय झालं तर ह्यांनी 1915 ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, बिल आणि जॉब शीट ऑनलाइन जोडता येतात, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नंबर मिळतो आणि तक्रार थेट कंपनीच्या वरच्या ऑफिसला जाते. ती कोर्ट नाही, हुकूम देऊ शकत नाही, पण कंपनीचा सूर मात्र बदलतो हे आम्ही बघितलं. त्याच आठवड्यात दुकान आणि कंपनी दोघांना रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, वकील न लावता, साध्या मराठीत, तारीखवार काय घडलं ते, सोबत सगळ्या जॉब शीटच्या झेरॉक्स, आणि ठरावीक मुदतीत फ्रीज बदलून किंवा पैसे परत दिले नाहीत तर जिल्हा आयोगात जाऊ हे वाक्य. फ्रीज बदलून मिळाला. फक्त नव्या फ्रीजची वॉरंटी जुन्या बिलाच्या तारखेपासूनच धरली, म्हणजे फ्रीज बंद असण्यात गेलेले महिने आमच्याच वॉरंटीतून गेले, हे मला अजूनही पटलेलं नाही. वॉरंटीची तारीख हा एकूणच मोठा गोंधळ आहे, एसी मार्चात घेतला आणि इन्स्टॉलेशनला माणूस एप्रिलअखेर आला तरी वॉरंटी मार्चपासून मोजतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्ये दिवाळीच्या सुमारास कंपन्यांना कळवलं होतं की वॉरंटी इन्स्टॉलेशनपासून धरा, पण अशा विनंतीवर किती कंपन्या चालतात? हे कायद्यातच यायला हवं.

समजा 1915 ने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ज्याला आपण अजून ग्राहक मंचच म्हणतो. लोक घाबरतात ते वकिलाच्या फीला आणि कोर्टाच्या खर्चाला. तर वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य आहे, वकील लावायची सक्ती नाही, आणि तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात करता येते, बिलावर "न्यायक्षेत्र दिल्ली" छापलेलं असलं तरी दिल्लीला जावं लागत नाही. ऑनलाइन दाखल करायची सोय आहे, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. दोष दूर करा, वस्तू बदलून द्या, व्याजासकट पैसे परत द्या, त्रासाबद्दल भरपाई द्या असे आदेश आयोग देऊ शकतो, आणि आदेश पाळला नाही तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. फक्त दोन वर्षांची मुदत लक्षात ठेवा, आज करू उद्या करू म्हणता ती निघून जाते. लॅब तपासणी लागत नसेल तर 3 महिन्यांत आणि लागत असेल तर 5 महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायदाच म्हणतो, प्रत्यक्षात तारखा लांबतात हे खरं आहे आणि त्याबद्दल सरकारला जाब विचारलाच पाहिजे.

घरी शिलाई करणाऱ्या, पीठ दळून देणाऱ्या, डबे करणाऱ्या बायकांसाठी मुद्दाम लिहिते. तुमचं मशीन बिघडलं की "हा कमर्शियल वापर झाला, तुम्ही ग्राहकच नाही" असं सांगून वाटेला लावतात. स्वयंरोजगारातून फक्त स्वतःचं पोट भरण्यासाठी वस्तू घेतली आणि वापरली असेल तर कायद्याने ती व्यक्ती ग्राहकच आहे. वॉरंटी कार्डावर "फक्त घरगुती वापर" असं लिहिलंय का ते मात्र घेतानाच बघा, कारण त्यावरून कंपनी वाद घालणार हे नक्की.

ग्राहक चळवळ ही आपल्याच मातीतली, बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा देशात ग्राहक कायदासुद्धा नव्हता. आणि आज त्याच महाराष्ट्रात सुशिक्षित माणसं दुकानदाराचं "आमचा संबंध नाही" ऐकून परत फिरतात ह्याचं फार वाईट वाटतं.

माझी एक मागणी आहे. 2019 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यासाठी जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद आहे आणि जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. ह्या परिषदेने पुढाकार घेऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रत्येक दुकानात काउंटरजवळ मराठीत बोर्ड लावायला सांगावं, त्यावर 1915 नंबर, जिल्हा आयोगाचा पत्ता आणि सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे हे वाक्य मोठ्या अक्षरात असावं. आपल्या वार्ताहरांनी जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारावं की परिषदेची शेवटची बैठक कधी झाली आणि त्यात काय ठरलं, आणि जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं छापावं.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली