घरातल्या घातक कचऱ्यासाठी वेगळी सोय करा

मा. पर्यावरणमंत्री,
सविनय नमस्कार.

कचऱ्याचा विषय निघाला की चर्चा ओला आणि सुका इथेच संपते. मला बोलायचंय ते तिसऱ्या डब्याबद्दल. संपलेली बॅटरी, फुटलेली ट्यूबलाइट, मुदत उलटलेली औषधं, कीटकनाशकाची बाटली, इन्सुलिनची सुई. वजनाने हा कचरा किरकोळ, पण उरलेल्या सगळ्या कचऱ्याचं मातेरं तोच करतो.

ज्वलनशील, गंजवणारा, स्फोटक किंवा विषारी माल कारखान्यातून निघाला तर त्याची नोंद लागते, त्याला वेगळी गाडी आणि ठरलेली विल्हेवाट लागते. तसलाच माल घरातून निघाला की तो मुकाट ओल्या कचऱ्यात जातो. त्या कचऱ्याचं खत करावं, तर बॅटऱ्यांमधले शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू काही कुजत नाहीत. ते खतात आणि तिथून मातीत उतरतात. उघड्या डंपिंगवर टाकावा, तर झिरपणारं काळं पाणी हेच धातू भूजलापर्यंत नेतं, कारण तिथे तळाला ना अस्तर असतं ना निचऱ्याच्या नळ्या. मग जाळायचा का? युरोपीय संघाच्या नियमानुसार कचरा जाळताना निघणारा वायू किमान दोन सेकंद ८५० अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो आणि क्लोरीनयुक्त घातक कचरा असेल तर ११०० अंशांना. एवढं केल्यावर डायॉक्सिन, म्हणजे कचरा जाळताना तयार होणारं विष, आटोक्यात येतं. ट्यूबलाइटमधला पारा मात्र कितीही तापवला तरी नष्ट होत नाही, त्याची फक्त वाफ होते.

लिथियम बॅटरीचं तर विचारूच नका. कचरागाडीतल्या दाबयंत्राखाली ती चेपली की आतली दोन टोकं वेगळी ठेवणारा पातळ पडदा फाटतो, शॉर्टसर्किट होतं आणि भोवतीचा सुका कागद पेट घेतो. ही आग पाण्याने विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा भडकू शकते. गाडीवरच्या माणसाला हे कुणी सांगितलेलं असतं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, रुग्णालयांतला सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो, घातक असतो तो उरलेला १५ टक्के. दोन्ही एका पिशवीत गेले की सगळाच घातक धरावा लागतो. घरांनाही हेच लागू आहे. म्हणूनच कचरा नंतर निवडू, हे धोरण मला मान्य नाही. ते निवडणारे हात कुणाचे असतात, हे आपण जाणताच.

घातक कचरा सीमेपलीकडे धाडण्यावर बंधनं घालणारा बासेल करार १९८९ साली झाला. देशादेशांत जे ठरू शकलं, ते घर आणि कचरागाडी यांच्यात का ठरू नये?

तेव्हा बॅटऱ्या, दिवे आणि औषधं विकणाऱ्यांनाच ती परत घेणं बंधनकारक करा. किती टन कचरा उचलला याबरोबरच घातक कचरा किती वेगळा मिळाला आणि तो पुढे कुठे गेला, याचेही आकडे दर महिन्याला जाहीर करा. आणि ही सोय उभी राहण्याची वाट न बघता, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला सुई आरपार जाणार नाही असे हातमोजे आणि हिपॅटायटिस बीची लस सरकारी खर्चाने द्या.

आपला,
एक नागरिक