अमरावतीच्या कार्यक्रमाबद्दल, पिंकीला

प्रिय पिंकी,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मधातच कापला म्हणून लिहून राहिलो. तू चिडली की मला बोलायला सुचतच नाही, तुझ्या आजीसमोर व्हायचं तसंच होतं. सुमितने स्टेटसला फोटो टाकला नसता तर मी रात्रीचा अमरावतीला गझल ऐकायला गेलो होतो ते तुला कळलं नसतं हे खरं, पण लपवायचं म्हणून काही लपवलं नव्हतं, निवांत सांगणार होतो. आई म्हणते पोरगी बरोबर बोलली, तुम्हीच कोणाचं ऐकत नाही. तुम्हा दोघींचं ऐकून झालं, आता माझं ऐक.

आधी तब्येतीचं सांगतो म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील. रात्रीच्या गोळ्या खिशात नेल्या होत्या आणि वेळेवर घेतल्या. जेवण घरूनच करून निघालो, भाकर आणि वांग्याची भाजी, तेल कमी. नानाच्या भाच्याची बोलेरो होती, मला मधातल्या सीटवर बसवलं, काचा बंद, कानटोपी, मफलर, वरून आबांची घोंगडी. छातीत काही झालं नाही, भवनाच्या पायऱ्या चढताना दमही लागला नाही. डॉक्टरने जागरण नको म्हटलं होतं, ते मला माहीत आहे. स्टेंटचे पैसे तू भरले, एफडी मोडून भरले हेही मला आईकडून कळलं आहे, त्यामुळे तुझा रागवायचा हक्कच आहे. पण मराठी गझल गाणारे भीमराव पांचाळे अमरावतीत गाणार आणि मी घरी कापसाच्या ढिगाजवळ बसून राहणार, हे होणार नव्हतं बेटा. आणि गेलो ते बरंच केलं असंच मला आजही वाटते.

तू म्हणाली यूट्यूबवर सगळं आहे, घरी बसून ऐका. आहे ना, मी ऐकतोच. रात्री गोठ्यातून आलो की रोज ऐकतो. पण गझल मोबाईलमध्ये अर्धीच असते. कशी ते सांगतो. शेर दोन ओळींचा. गाणारा पहिली ओळ म्हणतो आणि थांबतो. पुन्हा तीच ओळ, वेगळ्या सुरात. पुन्हा. आता सगळं सभागृह पुढच्या ओळीसाठी अडून बसलेलं असते, कोणी खोकतसुद्धा नाही, आणि मग तो दुसरी ओळ सोडतो की एकदम सगळे 'वाऽऽ' म्हणतात, कोणी 'पुन्हा' म्हणते, मागून कोणीतरी नुसतं 'अरे देवा' म्हणते. प्रत्येक शेराच्या शेवटी तोच शब्द येतो, रदीफ म्हणतात त्याला, आणि त्याच्या आधी यमक, ते काफिया. दोन-तीन शेर झाले की ऐकणाऱ्याला कळायला लागते ओळ कुठे जाऊन पडणार आहे, आणि मग शेवटचा शब्द गाणाऱ्याच्या आधी लोकच म्हणतात. कानात ते बारकं यंत्र घालून एकटं बसलं की हे कसं होईल सांग. दाद द्यायला बाजूला माणूस लागतो.

तू एकटी बसतेस त्याबद्दल मी लिहिणार नाही असं ठरवलं आहे. पुढे सांगतो.

आम्ही मोर्शी रोडवरच्या सांस्कृतिक भवनात पोचलो तेव्हा पुढच्या रांगा भरल्या होत्या. नाना म्हणाला मागे बसू, मी म्हटलं नाही, आणि डाव्या अंगाला तबलजी दिसेल अशी जागा धरली. माझ्या बाजूला एक पोरगा होता, तुझ्याच वयाचा असेल, अंगात कंपनीचं जॅकेट, कामावरून थेट आला होता, त्याच्या बोटांना अजून ग्रीसचे डाग होते. तबलजी हातोडीने तबला मिळवत होता, एक घर ठोकायचा, कान लावायचा, परत ठोकायचा, आणि हा पोरगा ते असं बघत होता की जणू कार्यक्रम सुरू झालाच आहे. मग भीमराव आले. आता पंचाहत्तरीजवळ आले ते, 1951 चा जन्म. आवाज पहिल्यासारखा उंच जात नसेल म्हणून मी मनाची तयारी करून गेलो होतो. पण पहिला आलाप घेतला आणि माझ्या अंगावर काटा आला, घोंगडी होती तरी. उंच जाण्याची त्यांना गरजच नाही. शब्द असा ठेवतात की मागच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं मलाच सांगून राहिले. गझलकार इलाही जमादारांची गझल घेतली तेव्हा त्या पोराने माझा गुडघा धरला. ओळख ना पाळख. दुसरी ओळ पडेपर्यंत सोडला नाही, मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'काका, मेलो ना मी.' डोळ्यात पाणी होतं त्याच्या, माझ्याही. मधल्या सुट्टीत कळलं, तो बडनेऱ्याला खोली करून एकटाच राहतो. पण कार्यक्रम कुठे लागला की जातो म्हणे, कोणी सोबत असो नसो.

त्या पोराला बघून मला तुझीच आठवण आली. तू पुण्यात एवढ्या माणसात राहून रविवारी काय केलं विचारलं की 'काही नाही बाबा, पडून होती.' मागच्या रविवारीही तेच. नेरवाल्यांचं जे झालं ते झालं, त्यात तुझा काडीचा दोष नाही, हे मी तेव्हाच चार लोकांसमोर बोललो. पण त्यानंतर तू लग्नाला जात नाहीस, दिवाळीला दोन दिवसांत परत, मैत्रिणींची नावं तुझ्या तोंडून ऐकू येत नाहीत. असं करू नये बेटा. माणसाने माणसात जावं, काम तर आयुष्यभर आहेच, तब्येत बघावी, वेळेवर झोपावं, रात्री दोनला मॅगी खाऊन... जाऊ दे. भाषण झालं. लिहिणार नव्हतो तरी लिहिलं, सॉरी.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानात कार्यक्रम होता, मी आणि नाना एकाच सायकलवर डबल सीट गेलो. गझल म्हणजे उर्दू, आपल्याला काय कळणार, असं नाना रस्ताभर बोलून राहिला होता. आणि तिथे हा माणूस मराठीत गायला लागला. आपल्याच अमरावतीच्या सुरेश भटांचे शब्द, आणि गाणारा मोर्शीकडच्या आष्टगावचा, म्हणजे आपल्यासारखीच संत्र्या-कापसाची माणसं. तिकडे आर्णीचे सुधाकर कदमही गायचे, त्यांचंही नाव घेतलं पाहिजे, लोक विसरतात. सतरंजीवर दंव पडलं होतं, उठलो तेव्हा पायजमा ओला. नाना येताना एक शब्द बोलला नाही. नानासारखा माणूस!

मग कॅसेट आणल्या. आबा ओरडायचे, बियाण्याच्या पैशात गाणी आणतो म्हणून. 14 मार्च 2003 ला सुरेश भट गेले, तेव्हा गहू काढणं चालू होतं, रेडिओवर ऐकलं आणि मी धुऱ्यावर बसलोच. आबा आले, विचारलं, कोण गेलं रे घरातलं? मी म्हटलं, आबा, भट गेले. आबांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी माझ्या हातचा विळा घेतला आणि माझी पात स्वतः लावली. तू तेव्हा बालवाडीत. माझ्या मांडीवर बसून कार्यक्रमात झोपून जायची आणि टाळ्या झाल्या की झोपेतच टाळ्या वाजवायची. लोक हसायचे. तेव्हा किती माणसं होती तुझ्या भोवती.

सरकारने भीमरावांना 2024 चा लता मंगेशकर पुरस्कार दिला तेव्हा मी गावात पेढे वाटले होते, तुला फोटो पाठवला होता, तू अंगठा पाठवला. तुझा तालुक्यात पहिला नंबर आल्यावर वाटले होते त्याच दुकानचे पेढे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून पुण्याच्या कंपनीत बसली, बापाचा इलाज स्वतःच्या पगारातून केला, गावात कोणाची पोरगी आहे अशी? मी कोणाजवळ बोलत नाही, पण बसस्टँडवर कोणी विचारलं की सांगतोच.

एक मात्र मला त्या रात्री आवडलं नाही, अर्धे लोक मोबाईल वर धरून शूटिंग करत होते. हाताने दाद देतील का शूटिंग करतील? मी मोबाईल काढलाच नाही, तो फोटोही सुमितने काढलेला. शेवटची भैरवी झाली, लोक उठेनात. साडेअकरा वाजले होते. बाहेर थंडी होती, त्या पोराने मला हात धरून गाडीपर्यंत आणलं आणि नाव न सांगताच गेला.

आता माझं म्हणणं एवढंच. पुण्यात बालगंधर्वला नाहीतर आणखी कुठे मराठी गझलेचा कार्यक्रम लागला की तिकीट काढ, पैसे मी पाठवतो, नाही म्हणू नको. पुढे बस. तुझ्या खालच्या मजल्यावर त्या काकू आहेत म्हणाली होतीस, त्यांना ने. कोणी नाही भेटलं तर एकटी जा, पण जा. आवडलं नाही तर मधातून उठून ये, मी काही विचारणार नाही. आणि मी यापुढे रात्रीचं कुठे गेलो तर आधी तुला फोन करीन, जाणार मात्र आहे.

संक्रांतीला ये. राग गेला नसेल तरी ये, इथे येऊन रागव.

तुझा,
बाबा

ता. क. शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सने तुरीची डाळ आणि तिळाचे लाडू पाठवून राहिलो, ड्रायव्हरचा नंबर सुमित देईल. लाडू जास्तीचे आहेत, काकूंना दे. त्यांचं नाव काय ते कळव.